सहा बोटं उजवीकडे

“सर, दर वेळी बॉलनंच बोर्डाचं ऐकायचं का? एकदा बोर्डानं बॉलचं ऐकलं तर नाही का चालणार?”

हा प्रश्न भिंगरीनं विचारला तेव्हा पीटीचे सर हजेरीपटात मान घालून बसले होते, आणि मागे पाण्याच्या टाकीआड शिडी आणि वकील या तिच्या दोन मैत्रिणी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज साधी होती. हा प्रश्न सरांना न हसता विचारायचा. विचारला, तर दोघींनी आठवडाभर भिंगरीचं दप्तर वाहायचं. मागच्या वर्षीची भिंगरी असती तर तिनं प्रश्न गिळला असता आणि वर पोटदुखीची चिठ्ठी आणली असती. पण यंदा तिला बास्केटबॉलच्या टीमची कॅप्टन केलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला चाकं लागली होती. ब्रेक अजून बसवायचे होते.

सरांनी मान वर न करता उत्तर दिलं, “हळूहळू. एकदम नको.”

आता खरं सांगायचं तर हे सरांचं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होतं. सर, पाणी पिऊन येऊ? हळूहळू, एकदम नको. सर, पाय मुरगळला. हळूहळू, एकदम नको. सर मुळात भूगोलाचे. आधीचे पीटीचे सर शाळा सोडून गेले आणि त्यांची शिट्टी या सरांच्या गळ्यात पडली, ती अगदी अक्षरशः. खेळाबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती आणि ती ते रोज सांगत: “रिंगमागच्या बोर्डावर तो काळा चौकोन आहे ना, त्याच्या मधोमध मारा. चौकोन काय उगाच काढलाय?”

पण भिंगरीला त्यातलं जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं.

“परवानगी मिळाली,” ती टाकीआड येऊन म्हणाली.

“कसली परवानगी?” वकील म्हणाली. वकील हे तिचं नाव नव्हे, पण ती वर्गातल्या घड्याळाशीसुद्धा वाद घालू शके. “आपण चेष्टा करत होतो.”

“तुम्ही करत होतात. मी विचार करत होते.”

तर विचार असा होता. शाळेमागच्या मैदानात दोन खांब होते. पलीकडच्या खांबाची रिंग दोन वर्षांपूर्वीच मान टाकून लोंबत होती, त्यामुळे सगळा सराव अलीकडच्या एकाच खांबावर. मैदानाच्या एका कडेला ती पाण्याची टाकी. टाकी गळायची आणि त्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत शेवाळाचा पट्टा पसरला होता. त्यावर पाय पडला की माणूस सरळ मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खिडकीखाली जाऊन थांबे. अलीकडच्या खांबाकडे तोंड केलं की शेवाळ डाव्या हाताला यायचं. म्हणून टीमच्या सातही पोरी बॉल मारायच्या त्या उजवीकडून. नेम धरून, सरांनी सांगितल्याप्रमाणे, चौकोनाच्या मधोमध. बॉल मधोमध आपटायचा आणि रिंगला नुसतं बघून डावीकडे निघून जायचा. लग्नाला येऊन न जेवता जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

तीन वर्षांत एकही मॅच जिंकली नव्हती. आणि मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “नऊ आठवड्यांनी आपल्याच मैदानावर मॅच आहे. ती तरी जिंका. नाहीतर मी ते खांब काढते आणि तिथे सायकलींसाठी छप्पर घालते. सायकली निदान शाळेच्या उपयोगी तरी पडतात.”

म्हणजे भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी कॅप्टन झाली होती आणि नऊ आठवड्यांनी त्या जागी सायकली लागणार होत्या.

“मग मधोमध न मारता जरा उजवीकडे मारू या की,” शिडी म्हणाली. शिडी उंच होती आणि कमी बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं बहुतेक वेळा वरच्यावर निघून जाई.

“सात जणींचे चौदा हात बदलायचे, का एक चौकोन बदलायचा?” भिंगरी म्हणाली. “सोपं काय?”

“पण लगेच दिसेल ना कुणाला तरी.”

“एकदम केलं तर दिसेल. हळूहळू केलं तर नाही. माझ्या आईला विचारा.”

भिंगरीची आई कपडे शिवायची, आणि तिची ही कला घरात सगळ्यांना ठाऊक होती. तिच्याकडे एक डॉक्टरीणबाई यायच्या. गेली नऊ वर्षं आपलं वजन तसूभरही वाढलेलं नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्याचं श्रेय बाई सकाळच्या फिरण्याला देत. खरं श्रेय आईच्या उसवणीला होतं. दर वेळी ड्रेस दुरुस्तीला आला की आई शिवण एक बोट सैल करायची. बोलायची नाही. “एका वेळी एक बोट,” ती दोरा तोडत म्हणायची. “डोळ्याला सवय लावत न्यायचं. सवय झालेला डोळा तक्रार करत नाही.”

आणि बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कानामागे ब्रश, पट्टीशिवाय सरळ रेघ. घरात काळ्या-पांढऱ्या रंगाच्या अर्ध्या डब्यांची रांग कायम लागलेली. म्हणजे एका घरातून पद्धत आणि सामान दोन्ही मिळत होतं. असं भाग्य किती जणांना लाभतं?

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बारा वाजता सगळे गेले की शिपाईकाका कुलूप लावायला एकपर्यंत येत नसत. पहिल्या शनिवारी वर्गातलं टेबल खांबाखाली आलं. टेबलावर स्टूल, स्टुलावर शिडी, आणि शिडीच्या खांद्यावर भिंगरी. चौकोनाची डावी रेघ पांढऱ्या रंगानं पुसली आणि एक बोट उजवीकडे काळी काढली. उजवी रेघही तशीच. दहा मिनिटांचं काम. भिंगरीनं बाबांचं नाक घेतलं होतं, तसा हातही घेतला होता, त्यामुळे रेघ झाली सुरीनं कापल्यासारखी.

सोमवारी कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या सोमवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात वीसपैकी पाच बॉल पडले. चौथ्यात आठ. सहा शनिवार झाले, चौकोन सहा बोटं सरकला, आणि विसांतले चौदा बॉल असे पडायला लागले की शिपाईकाका झाडू टेकून बघत उभे राहिले. पोरी आपल्या नेहमीच्या जागेवरून नेहमीसारख्याच चौकोनाच्या मधोमध मारत होत्या. फक्त मध्य आता दुसरीकडे राहायला गेला होता.

सरांनी मोठ्या बाईंना सांगितलं, “माझी पद्धत आहे. हळूहळू. एकदम नको.”

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण सातव्या सोमवारी भिंगरी सरावाला आली तर खांबावर बोर्डच नव्हता. नुसता खांब, टक्कल पडल्यासारखा.

“नवीन येणारेत,” सर म्हणाले. “तीन शाळांनी मिळून ठरवलंय. तिन्हीकडे सारखे बोर्ड. मोठ्या बाईंनी आपला बोर्ड नमुना म्हणून पाठवला.”

“कुणाकडे?”

“अगं, तुझ्याच बाबांकडे.”

भिंगरी घरी पोहोचली ती पळत, आणि दारातच थिजली. ओसरीत भिंतीला टेकून तिचा जुना बोर्ड उभा होता, आणि त्याच्या समोर सहा कोरेकरकरीत बोर्ड वाळत होते. प्रत्येकावर एक काळा चौकोन. आणि प्रत्येक चौकोन, अगदी इमानानं, सहा बोटं उजवीकडे.

“कसे झालेत?” बाबांनी ब्रश पुसत विचारलं.

“बाबा, हा चौकोन... मधोमध नको का?”

“नमुन्यात असा आहे.”

“पण दिसतोय ना तुम्हाला? बाजूला आहे तो.”

“मला दिसतोय. सकाळीच दिसला. डोळे आहेत मला.” बाबा शांतपणे म्हणाले. “पण नमुना म्हणजे नमुना. आपलं डोकं त्यात घालायचं नाही. बुटाच्या दुकानाचं विसरलीस?”

बुटाच्या दुकानाचं कुणीच विसरू शकत नव्हतं, कारण बाबा ते विसरू देत नसत. दुकानदारानं जुनी पाटी नमुना म्हणून दिली होती. तिच्यावर दोन बूट, आणि दोन्ही डाव्या पायाचे. बाबांना वाटलं चूक आहे. त्यांनी एक बूट उजवा करून दिला. दुकानदार दारात येऊन एवढा ओरडला की गल्ली गोळा झाली. त्याचं दुकान म्हणे आजोबांपासून दोन डाव्या बुटांचं दुकान म्हणून प्रसिद्ध होतं. लोक तीन गल्ल्या पलीकडून ती पाटी बघत यायचे. आता त्याला कोण ओळखणार? त्या दिवसापासून बाबांनी शपथ घेतली: नमुन्यात चूक असेल तर चूकसुद्धा नीट रंगवायची.

“पण विचारायचं तरी एकदा शाळेत.”

“बास्केटबॉलचं मला काय कळतं? बॉल उजवीकडून येत असेल. त्यांचं ते जाणोत.”

हे इतकं खरं होतं की भिंगरीला खोकला आला.

ती आईकडे गेली. आई शिलाई मशीनवर होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. “आई, बाबांना सांग ना, चौकोन मध्ये घ्यायला.”

“तुझे बाबा नमुना सोडणार नाहीत,” आई टाचण्यांमधून म्हणाली. “लग्नात फोटोग्राफरनं सांगितलं, या फोटोतल्यासारखे बसा. त्या फोटोतला नवरा शिंकत होता. आमचा फोटो बघ.”

सांगून टाकावं का? सांगायचं म्हणजे रंग चोरला हे सांगायचं, ब्रश चोरला हे सांगायचं, मग बोर्ड दुरुस्त होणार, मग बॉल परत डावीकडे पळणार, मग सायकलींचं छप्पर. उद्या टेम्पो येऊन बोर्ड घेऊन जाणार होता. भिंगरीनं आपल्या वकिलाचा सल्ला घेतला.

वकील ओसरीत आली, सातही बोर्डांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “यात अडचण काय आहे?”

“सगळे वाकडे आहेत.”

“सगळे सारखेच वाकडे आहेत. तिन्ही शाळांत तोच चौकोन. सगळीकडे सारखंच वाकडं असलं की ते वाकडं राहत नाही. तेच सरळ.”

भिंगरीला हे इतकं पटलं की ती त्या दिवशी दोन वेळा जेवली.

टेम्पो आला, बोर्ड गेले. दोन आपल्या शाळेत, दोन्ही खांबांवर; पलीकडच्या रिंगची मानही सरळ करून बसवली. दोन समोरच्या टीमच्या शाळेत, आणि दोन तिसऱ्या शाळेत. जुना बोर्ड बाबांनी पुसून, कापडात गुंडाळून, परत शाळेच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवला. नमुना परत करायचा असतो.

मॅचच्या दिवशी समोरची टीम आली ती उतरलेल्या चेहऱ्यांनी. त्यांच्या कोच म्हणजे एक ठेंगण्या, कडक बाई. त्यांची शिट्टी ओठांतून कधी निघतच नसे, म्हणून पोरींनी पाहताक्षणी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवून टाकलं. शिट्टीबाई सरांना सांगत होत्या, “दहा दिवस झाले, माझ्या पोरींना काय झालंय कळत नाही. सोपे बॉल चुकतायत. मी त्यांना पळवलं, उन्हात उभं केलं, शेवटी दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एकीला चष्माही लागला.”

भिंगरीनं त्या चष्म्याकडे पाहिलं. चष्म्यानं तिच्याकडे पाहिलं. मग भिंगरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

प्रेक्षकांत मोठ्या बाई पहिल्या रांगेत, समोर टेबल, टेबलावर पाहुण्यांसाठी चहाचे कप. मागे आई, मशीनवरून तशीच उठून आलेली, गळ्यात टेप. तिच्या शेजारी बाबा, नवा शर्ट, कानामागे ब्रश. शेजारच्याला सांगत होते, “दोन्ही बोर्ड आपलेच. रेघ बघा.”

पहिला अर्धा भाग स्वप्नासारखा गेला. अलीकडचा खांब, उजवी बाजू, चौकोनाच्या मधोमध. धप, धप, धप. बारा-दोन! मोठ्या बाईंनी चक्क टाळी वाजवली, अर्धीच, पण वाजवली. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला पद्धत समजावत होते.

मग मध्यंतर झालं आणि बाजू बदलल्या.

बाजू बदलतात हे भिंगरीला माहीत होतं. कॅप्टन होती ती. पण पलीकडच्या खांबावर दोन वर्षांत कुणी खेळलंच नव्हतं, त्यामुळे एक साधी गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती. उलट तोंड करून उभं राहिलं की डावीकडचं शेवाळ उजवीकडे येतं.

पहिलीच पोर सवयीनं उजवीकडून घुसली, घसरली आणि मोठ्या बाईंच्या खिडकीखाली जाऊन थांबली. मग सगळ्या नाइलाजानं डावीकडून मारायला लागल्या. नेम तोच, सवय तीच, चौकोनाच्या मधोमध. पण आता चौकोन सहा बोटं पलीकडे. बॉल आपटायचा आणि रिंगच्या उजवीकडून असा सुटायचा, जणू त्याला गाडी पकडायची आहे. एक टाकीत गेला. एक शिपाईकाकांच्या पाठीत बसला. समोरच्या पोरींनी बोर्डाचा नादच सोडला होता. त्या रिंगखाली जाऊन, उड्या मारून, हातानंच बॉल आत कोंबत होत्या. बारा-सहा. बारा-दहा. बारा-बारा.

“काय करतेयस?” शिडी धापा टाकत ओरडली.

“मधोमध मारतेय,” भिंगरीही ओरडली, आणि तिनं मारलाच. चौकोनाच्या बरोबर मध्यबिंदूत. बॉल तिथून निघाला तो थेट पहिल्या रांगेत, चहाच्या कपांत.

मोठ्या बाई चहानं भिजल्या आणि शिट्टी वाजली. सरांची नव्हे. शिट्टीबाईंची.

“थांबा,” त्या मैदानात येऊन म्हणाल्या. “ही पोरगी चुकलेली नाही. मी बघत होते. हिनं बरोब्बर मध्ये मारलाय. चुकतोय तो बोर्ड. कुणाकडे टेप आहे का?”

अख्ख्या मैदानात टेप एकाच गळ्यात होती. आईनं ती काढून दिली. टेबल आलं, स्टूल आलं, शिट्टीबाई वर चढल्या. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. मग तशाच पलीकडे जाऊन दुसरा बोर्ड मोजला.

“सहा बोटं उजवीकडे. दोन्ही. आमचेही असेच असणार.” त्या चष्म्यावाल्या पोरीकडे वळल्या. “काढ गं तो चष्मा.” मग प्रेक्षकांकडे: “हे बोर्ड रंगवले कुणी?”

बाबा उठले. मघाशी शेजारच्याला एवढ्या मोठ्यानं सांगितल्यावर बसून राहणं शक्यच नव्हतं. “मी,” ते म्हणाले.

“साधा चौकोन मध्ये काढता येत नाही तुम्हाला?”

कुणीतरी हसलं. मागून कुणी म्हणालं, याच पेंटरला गल्लीतली पाटी द्यायची होती ना आपल्याला? बाबांचे कान लाल झाले. भिंगरीनं आजवर बाबांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, शिंकणाऱ्या नवऱ्यासारखं बसलेलं पाहिलं होतं. पण असं, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखं, कधी नाही. मॅच, खांब, सायकली, सगळं तिच्या डोक्यातून त्या क्षणी निघून गेलं.

“नमुन्याबरहुकूम आहे,” बाबा म्हणाले. “नमुना आणा.”

शिपाईकाकांनी अडगळीतून जुना बोर्ड आणला. मोजला. सहा बोटं. बाबांनी मान वर केली. “बघा.”

“पण हा बोर्ड मी या शाळेत आले तेव्हापासून आहे,” मोठ्या बाई पदरानं चहा टिपत म्हणाल्या. “इतकी वर्षं वाकडा होता?”

तेवढ्यात आई टेप परत घ्यायला पुढे आली आणि तिचा हात सहज बोर्डावरून फिरला. तिथेच थबकला. तिनं बोटांची टोकं पांढऱ्या रंगावरून पुन्हा सावकाश फिरवली, शिवण चाचपावी तशी. पुसलेल्या रेघांचे उंचवटे एकामागून एक लागत गेले.

“एक,” ती पुटपुटली. “दोन. तीन. चार. पाच. सहा.” आणि मग, फार हळू, “हे एकेक बोटानं सरकवलंय. अहो, ही तर माझी पद्धत आहे.”

बाबा वाकले. त्यांनी काळी रेघ नखानं खरवडली आणि नखाकडे पाहिलं. “आणि हा काळा माझा आहे. बुटाच्या दुकानाचा उरलेला.”

दोघांनी एकाच वेळी मान वळवली. शोधावं लागलं नाही. मैदानात एवढी माणसं होती, पण बुटांच्या नाड्यांकडे बघणारी एकच होती.

भिंगरीला वाटलं, आता बाबा बोलणार. ते बोललेही. पण शिट्टीबाईंना. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “नमुना मी तपासायला हवा होता.”

बाबा आणि चूक माझी! दोन डाव्या बुटांच्या दुकानदारापुढे जे त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं. भिंगरीला ते ऐकवेना.

“त्यांची नाही,” ती म्हणाली. आवाज आधी किनरा निघाला, म्हणून तिनं परत मोठ्यानं म्हटलं, “बाबांची चूक नाही. मी सरकवला चौकोन. सहा शनिवार, सहा बोटं. रंगही मीच घेतला. बाबांना जसा दिला तसा त्यांनी रंगवला फक्त. त्यांची रेघ वाकडी नसते.”

“तिघींनी सरकवला,” शिडी म्हणाली. “ती माझ्या खांद्यावर होती.”

“मी हजर होते,” वकील म्हणाली, “पण मी फक्त सल्ला दिला.”

“आणि सरांना विचारलं होतं,” भिंगरी म्हणाली. “सर म्हणाले, हळूहळू, एकदम नको.”

“मी?” सर म्हणाले.

“पण का?” शिट्टीबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“चौकोनाच्या मधोमध मारला की बॉल बाहेर जायचा.”

“जाणारच. मधोमध मारायला कुणी सांगितलं? बाजूनं मारताना चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यात मारायचा. उजवीकडून आलात की उजवा कोपरा, डावीकडून आलात की डावा. चौकोन त्यासाठीच तर असतो.”

सगळ्या मैदानानं सरांकडे पाहिलं. सरांनी शिट्टी तोंडात घातली. ती तोंडात असली की उत्तर द्यावं लागत नाही.

“मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं,” शिडी वरून म्हणाली. “जरा उजवीकडे मारू या म्हणून.”

शेवटची दहा मिनिटं उरली होती. बाबांनी कानामागचा ब्रश काढला, शिपाईकाकांनी शाळेतले रंगाचे डबे आणले, आणि बाबांनी सगळ्यांसमोर दोन्ही बोर्डांवर नवा चौकोन काढला. पट्टी न लावता. शिट्टीबाईंनी वर चढून मोजला आणि टेप गुंडाळून आईला परत दिली. रंग ओला होता. त्यामुळे पुढची दहा मिनिटं बॉल ठिपक्यांचा झाला, मग पोरी ठिपक्यांच्या झाल्या, आणि मोठ्या बाईही, कारण भिंगरीचा पहिला कोपऱ्यातला नेम अजून कच्चा होता. दुसरा मात्र पडला. समोरून चष्मा काढलेल्या पोरीनंही एक टाकला. चौदा-चौदा. शिट्टी.

“जिंकल्या नाहीत,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“हरल्याही नाहीत,” वकील म्हणाली.

“मी जिंका म्हटलं होतं.” त्या सरांकडे वळल्या. “मग काय, काढायचे ना खांब?”

सर विचारात होते. बहुधा आपण भूगोल का सोडला याच्या. मान वर न करता म्हणाले, “हळूहळू. एकदम नको.”

मोठ्या बाईंनी खांबांकडे एकदा मोजल्यासारखं पाहिलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “यंदा एकच काढू.”

आणि पलीकडचा खांब गेला. म्हणजे दोन महिने, सहा शनिवार, सहा नवे बोर्ड आणि एक फुकटचा चष्मा झाल्यावर टीमकडे पुन्हा एकच खांब उरला. खेळण्याजोगे आधी होते तितकेच. पण खांब होता. आणि कॅप्टनही होती, फक्त तिला महिनाभर रोज टाकीकडचं शेवाळ घासायचं होतं.

संध्याकाळी घरी सगळे आपापल्या कामात. आई मशीनवर, बाबा डब्यांची झाकणं लावत. भिंगरी ओसरीच्या पायरीवर, हातावर काळे ठिपके. एक झाकण ठोकून झाल्यावर बाबा पाठमोरेच म्हणाले, “रेघ मात्र सरळ मारलीस.”

एवढं पुरे झालं. भिंगरी उठून दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. मधोमधच, मोजून.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “दोन गोष्टी. एक, रविवारी बाबांबरोबर त्या दोन्ही शाळांत जाऊन चारही चौकोन मी दुरुस्त करणार, आणि कुणी केले होते तेही तिथे सांगणार.”

“बरं,” बाबा म्हणाले.

“दुसरं. यापुढे या घरात जे काही बदलेल ते सांगून बदलेल. गुपचूप नाही, बोटाबोटानं नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई ड्रेस घ्यायला येणारेत ना? त्यांना मी नऊ वर्षांचं सगळं खरं सांगणार.”

मशीन थांबलं. बाबांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. आईनं एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या, आणि लेकीकडे वळली.

“सांग,” ती म्हणाली. “पण एका वेळी एकच बोट.”